उसना स्वर आणि स्वयंभू स्वर

दोन भाषांतील साम्य कधी शब्दांच्या उसनवारीतून येते, तर कधी रचनेतच असते. आल्बर्ट मांगेल्सडॉर्फ (1928–2005) या नवमार्गी जर्मन ट्रॉम्बोनवादकाच्या जॅझचा भारतीय संगीताशी असलेला संबंध तपासताना हा भेद उपयोगी पडतो.

मांगेल्सडॉर्फ फ्रांकफुर्टचा. नाझी राजवटीत जॅझकडे वक्रदृष्टीने पाहिले जात असता, थोरला भाऊ एमिल याच्यामुळे त्यास या संगीताची गोडी लागली. 1964 साली त्याच्या पाच वादकांच्या संचाने आशियाचा दौरा केला. त्याचे फलित म्हणजे ‘नाऊ जॅझ रामवोंग’ ही ध्वनिमुद्रिका. तीत ‘पथेर पांचाली’ (1955) या चित्रपटासाठी रविशंकरांनी योजिलेली धून घेतली आहे. परंतु सुरावट भारतीय असली तरी तिच्या विस्ताराचे व्याकरण जॅझचेच राहते. ही झाली शब्दांची उसनवारी.

रचनेतील साम्य आढळते ते पुढे, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकप्रसंगी त्याने केलेल्या एकल वादनात व ‘ट्रॉम्बर्ड्स’ या ध्वनिमुद्रिकेत. वरातीच्या बँडमुळे नाशिककरांस परिचित असलेल्या पितळी वाद्यांच्या कुळातीलच ट्रॉम्बोन. सरकत्या नळीचा, आणि एरवी एका वेळी एकच स्वर देणारा. मांगेल्सडॉर्फ एक स्वर वाजवीत असतानाच दुसरा त्याच वाद्यात गातो. वाजविलेल्या षड्जाची कंपने सेकंदास 200 व गायिलेल्या पंचमाची 300 धरल्यास त्यांच्या बेरजेचा 500 आणि वजाबाकीचा 100 कंपनांचा स्वरही उमटतो. म्हणजेच तार गंधार आणि खर्जाचा षड्ज. हे दोन्ही स्वर ना कोणी वाजविलेले, ना कोणी गायिलेले. मिरजेच्या सुरेल तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच.

ही युक्ती सर्वस्वी नवी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेबरने हॉर्नसाठी लिहिलेल्या रचनेत ती आढळते. तेथे ती अलंकार होती. मांगेल्सडॉर्फने तिला वाक्यरचनेचे स्थान दिले, हे त्याचे खरे कर्तृत्व होय.

साम्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. तंबोरा अखंड झंकारत राहून गायकास विसावा देतो. येथे आधार आणि गायन एकाच श्वासावर चालतात. श्वास सरताच दोन्ही थांबतात. म्हणूनच या वादनात तंबोऱ्याची प्रशांतता नाही. आहे ती सतत जाणवणारी जोखीम. तरीही प्रभावांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाने केवळ उसन्या सुरावटींची यादी करून थांबू नये, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.