सबर, चमत्कार आणि चाकाची खुर्ची

अपंग माणसाच्या शरीराकडे मराठी साहित्याचे लक्ष गेले आहे, मनाकडे मात्र फारसे गेलेले नाही. कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमांत तो बहुधा दोनच रूपांत भेटतो. एक तर तो डोळ्यांत पाणी आणणारा दीनवाणा असतो, नाही तर अपंगत्वावर मात करणारा अलौकिक पुरुष असतो. पहिल्याला दया मिळते, दुसऱ्याला टाळ्या. दोघांनाही 'आज तुमचे मन कसे आहे?' असे कोणी विचारत नाही.

आपल्या घरांतही वेगळे घडत नाही. आंधळ्याला तोंडावर आंधळा म्हणू नये म्हणून आपण त्याला 'हाफिजजी' म्हणतो, मग त्याला कुरआन पाठ असो वा नसो. हिंदू शेजारी त्यालाच 'सूरदास' म्हणतात. २०१५ साली पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदांवर रुळला. या शब्दांमागचा आदर खोटा नाही. पण ज्याला दिव्यत्व दिले, त्याला रडण्याची, चिडण्याची, खचण्याची मुभा उरत नाही. आणि तो खचलाच, तर आपल्याकडे त्याच्यासाठी एकच तयार उत्तर असते : सबर कर.

वऱ्हाडचेच एक मोठे उदाहरण घेऊ. अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे १८८१ साली जन्मलेले आणि माधानचे म्हणून ओळखले गेलेले गुलाबराव महाराज वर्षाचे होण्याआधीच अंध झाले. १९१५ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठ्या रचना होत्या. लोकांनी त्यांना 'प्रज्ञाचक्षू' ही पदवी दिली. ती रास्तच आहे. पण भक्तिभावाने सांगितल्या जाणाऱ्या त्यांच्या कथेत चमत्कार पुढे येतो आणि त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारे, त्यांचे बोलणे उतरवून घेणारे लोक मागे राहतात. हे लोक नसते तर ही प्रज्ञा कागदावर कशी आली असती? अपंग माणसाला घडवण्यात भोवतालच्या माणसांचा जो वाटा असतो, तो चमत्काराच्या भाषेत पुसला जातो.

त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान असलेले इजिप्तचे ताहा हुसैनही बालपणीच अंध झाले आणि पुढे त्या देशाचे शिक्षणमंत्री झाले. 'अल-अय्याम' या आत्मकथनात त्यांनी जेवणाच्या ताटावरचा एक प्रसंग सांगितला आहे. लहान मुलगा दोन्ही हातांनी घास घेतो, भावंडे हसतात, आई रडते. त्या दिवसापासून तो सांडण्याच्या भीतीने कितीतरी पदार्थ सोडून देतो. पुढे मंत्री झालेल्या माणसाने हे ताट लपवले नाही, यातच त्या पुस्तकाचा मोठेपणा आहे. अंधत्वापेक्षा ते हसू मुलाला अधिक लागले, हे त्याशिवाय आपल्याला कळले नसते.

मराठीत या जातीचे पुस्तक एका मुस्लिम स्त्रीने लिहिले आहे, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे ते आत्मकथन. सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचे शरीर निकामी झालेली ही मुलगी निराशेच्या तळाशी जाते. तिला तिथून वर काढतात ते बाबूकाका दिवाण, जे स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून आपला व्यवसाय सांभाळत होते. माझ्या मते पुस्तकाचा गाभा इथेच आहे. ज्याने तेच दुःख भोगले आणि तरीही जगणे मांडले, असा माणूस भेटणे हे मनाचे पहिले औषध. दुसरे औषध म्हणजे काम आणि स्वतःची मिळकत. १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी राहिली. पुढे मुलांसाठी वसतिगृह आणि शाळा झाली, सिंधुदुर्गात काजूचा प्रकल्प झाला. या सगळ्यांत हीच दोन सूत्रे दिसतात.

एक उणीवही नोंदवावीशी वाटते. कथन संस्थेच्या वाटेला लागते, तसा 'मी'चा आवाज हळू होतो. पहिल्या वर्षांतल्या रात्री अजून ऐकायला हव्या होत्या. पण हा दोष लेखिकेपेक्षा आपल्या वाचनाचा अधिक आहे. आपण हे पुस्तक 'प्रेरणादायी' म्हणून कपाटात ठेवले आणि आपल्या मोहल्ल्यातल्या मुलीला मात्र पाहुणे आले की आतल्या खोलीत पाठवत राहिलो.

कोल्हापूर दूर वाटत असेल तर अचलपूरजवळचे वझ्झर पाहावे. शंकरबाबा पापळकर यांनी तिथे अनाथ, मतिमंद, मूकबधिर आणि अंध मुलांना घर दिले, बापाच्या जागी स्वतःचे नाव दिले आणि त्यांच्याच हातांनी माळरानावर झाडे लावली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी इथल्या एका अंध मुलीने राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण केली. पण बाबांची जुनी मागणी यशोगाथेची नव्हतीच. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अनाथ अपंग मुलांना संस्थेबाहेर काढू नये, त्यासाठी कायदा करावा, एवढेच ते सांगत आले. उद्या कुठे झोपायचे हे ठाऊक नसलेल्या मुलाला मनःशांतीचा उपदेश काय कामाचा?

कायदे झाले आहेत. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यांत मानसिक आजारही आहे. २०१७च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क केला. २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर फोन करून मोफत बोलताही येते. यातले किती आपल्या मशिदीच्या फलकावर, मोहल्ल्याच्या वाचनालयात पोहोचले?

वास्तविक आपल्या परंपरेत याचा धडा जुना आहे. अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध सहाबी. त्यांच्याकडे झालेल्या दुर्लक्षाची दखल कुरआनच्या 'अबस' या सूरेने घेतली. पुढे त्यांच्याकडे अजान आली, पैगंबर बाहेर असताना मदिनेची जबाबदारीही आली. त्यांना दया मिळाली नाही, काम मिळाले, विश्वास मिळाला.

अकोल्यात माझे एक स्नेही घड्याळे दुरुस्त करतात. लहानपणी पोलिओ झालेला. 'चाकाची खुर्ची' मी त्यांना वाचायला दिले होते. परत देताना मी विचारले, कसे वाटले? त्यांनी दुकानासमोरच्या उंच पायरीकडे बोट केले आणि म्हणाले, "सबर लय झाला भाऊ. मले थे पायरी उतरवून पायजे."

या पुस्तकाचे याहून नेमके परीक्षण मला करता येणार नाही.