मनाला हाक मारणारा कोण?

आमच्या उरणच्या शाळेत मुले मनाचे श्लोक एका दमात म्हणतात. भुजंगप्रयाताची १२ अक्षरांची चाल जिभेवर इतकी चटकन बसते, की अर्थ मागे राहतो. वास्तविक या २०५ श्लोकांत समर्थ मनाशीच बोलत आहेत, कधी गोंजारीत, कधी दटावीत. मन जर ऐकणारे, तर बोलणारा कोण? ‘मी कोण’ हा वेदान्तातला जड प्रश्न त्यांनी नुसत्या संबोधनात बसविला, हेच मला या रचनेतले खरे काव्य वाटते. उपदेशाची पुनरुक्ती मात्र पुष्कळ आहे. भक्तांनी रागावू नये. आत्मविचार पुढे उघडपणे येतो, पण आमचे पाठांतर तिथवर पोचतच नाही. यंदा अभ्यंगस्नानानंतर घरातला मुलगा श्लोक म्हणू लागला, तर पहिल्या हाकेशीच त्याला क्षणभर थांबवून पाहा.