बसविणे, अडणे आणि विचारणे : लिनक्सच्या मराठीची एक परीक्षा

परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा कोशाच्या अंगाने झालेला आहे. शिवकालीन राजव्यवहारकोशापासून १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या कोशांपर्यंत प्रश्न एकच विचारला गेला: अमुक परकी शब्दाला मराठीत काय म्हणावे? हा प्रश्न आवश्यक आहे, परंतु पुरेसा नाही. ज्या वस्तूची परिभाषा आपण घडवितो ती वस्तू बिघडली असता मनुष्य त्याच परिभाषेत गाऱ्हाणे मांडू शकतो काय, हा दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. लिनक्स या संगणकप्रणालीच्या मराठी रूपाची परीक्षा प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या आधारे करावयाची आहे.

हा विषय आज निव्वळ तात्त्विक राहिलेला नाही. विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जे जुने संगणक पुढील आवृत्तीस पात्र ठरत नाहीत, त्यांच्या मालकांपुढे नवा संगणक घेणे किंवा दुसरी प्रणाली बसविणे असे दोनच टिकाऊ मार्ग उरतात. मिरजेसारख्या गावी शाळा, लहान दुकाने आणि विद्यार्थी यांच्या दृष्टीने दुसरा मार्ग स्वस्त आहे. लिनक्स विनामूल्य मिळते. शिवाय ती मराठीत मिळते असे सांगितले जाते. या सांगण्यात तथ्य किती, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

प्रथम जे झाले त्याचे श्रेय दिले पाहिजे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी भारतीय लिप्यांच्या संकेतनाचे ‘इस्की’ हे भारतीय मानक निश्चित झाले; पण या दोहोंची गाठ पडण्यास बराच काळ जावा लागला. २००४ साली रेड हॅट या कंपनीने ‘लोहित’ हे मुक्त टंक उपलब्ध करून दिले. २००७ साली सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स आवृत्ती काढली. २००८ साली पुण्यात सुरू झालेल्या ‘फ्युएल’ या उपक्रमाने नेहमी लागणाऱ्या शब्दांत एकवाक्यता आणण्याचा प्रयत्न केला. फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या डेबियनच्या पाचव्या आवृत्तीत प्रणाली बसविण्याची क्रियाच मराठीतून करण्याची सोय झाली. यांतील पुष्कळसे काम अल्प मोबदल्यात, किंवा मोबदल्याशिवाय, थोड्या व्यक्तींनी केले आहे. पुढील टीका त्यांच्या निष्ठेवर नाही. त्यांना ज्या रीतीने काम करावे लागले त्या रीतीवर आहे.

पहिलीच पायरी पाहू. प्रणाली संगणकात घालण्याच्या क्रियेला अनेक मराठी भाषांतरांत ‘प्रतिष्ठापन’ म्हटले आहे. शब्द शुद्ध आहे, भारदस्त आहे, आणि मराठी माणसाच्या मनात तो देव्हाऱ्याशी जोडलेला आहे. गंमत अशी की त्याच देवाविषयी बोलताना मराठी माणूस सहजपणे ‘गणपती बसविला’ असे म्हणतो. विहिरीवर पंप बसवितात, दाराला कडी बसवितात, तसेच संगणकात लिनक्सही बसविता येते. ‘बसविणे’ या क्रियापदाचा लाभ केवळ सोपेपणाचा नाही. त्याच्यामागे क्रियापदांचे संपूर्ण कुटुंब उभे आहे: बसणे, बसविणे, बसवून घेणे, बसवून देणे. म्हणून ‘बसता बसत नाही’, ‘नीट बसलेले नाही’, ‘दुकानातून बसवून घेतले’ ही वाक्ये आपोआप निघतात. ‘प्रतिष्ठापन’पासून ‘प्रतिष्ठापन झाले’ हे यशाचे वाक्य सुखाने होते. अपयशाच्या विविध छटा मात्र त्यातून निघत नाहीत. आणि नवख्या माणसाला शब्द हवा असतो तो बहुधा अपयश सांगण्यासाठीच.

संगणक-दुरुस्तीच्या दुकानांत जी मराठी ऐकू येते तिची रचना या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘वायफाय पकडत नाही’, ‘प्रिंटर दाखवत नाही’, ‘स्क्रीन अडकली’, ‘डाटा उडाला’. या वाक्यांत नामे परकी आहेत, क्रियापदे मात्र घरची. पकडणे, दाखविणे, अडकणे, उडणे: यंत्राच्या वर्तनाचे सूक्ष्म भेद क्रियापदे सांगतात. अधिकृत भाषांतरांत याच्या नेमके उलट घडते. नाम संस्कृत बनते आणि क्रियापद एकच उरते, ते म्हणजे ‘करणे’: निवड करा, विभाजन करा, स्वीकार करा, रद्द करा. भाषेची शुद्धता नामांच्या कुळावरून मोजण्याच्या सवयीमुळे क्रियापदांचे हे दारिद्र्य आपल्या नजरेस येत नाही. माझ्या मते मराठीपण टिकते ते क्रियापदांत. नाम उसने आले तरी वाक्य मराठीच राहते. इतकेच नव्हे, तर देशी दिसणारे नाम देखील फसवू शकते, तसेच उसनेही. लिनक्सच्या गाभ्याचे ‘कर्नल’ हे इंग्रजी नाव देवनागरीत जसेच्या तसे लिहिले, की मराठी वाचकासमोर सैन्यातील अधिकारी उभा राहतो.

शब्दांनंतर वाक्यांचा विचार केला पाहिजे. संगणकातील संदेश सलग वाक्यांच्या रूपाने भाषांतरकाराच्या हाती येत नाहीत. रिकाम्या जागा असलेले तुकडे येतात. ‘अमुक हटवायचे का?’ या तुकड्यातील ‘अमुक’च्या जागी काय येणार हे त्याला ठाऊक नसते. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. मराठीत फाइल ‘हटवायची’, दस्तऐवज ‘हटवायचा’ आणि चित्र ‘हटवायचे’ असते. विभक्तीची अडचण याहून मोठी आहे. समजा, एका तुकड्यात ‘कचरा’ हे नाव आहे आणि दुसऱ्यात ‘अमुक मध्ये हलवा’ हे वाक्य. यंत्र ते जोडून ‘कचरा मध्ये हलवा’ असे म्हणणार. मराठीत सामान्यरूप आल्यावाचून नामाला प्रत्यय लागत नाही. ‘कचऱ्यात’ असेच म्हणावे लागते. ‘कचरा मध्ये’ वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण हे कोणी मराठी माणूस बोलत नाही हेही त्याच क्षणी कळते.

यावर व्याकरणाच्या ज्ञानाने काही उपाय होऊ शकतो. ज्यांचे एकवचनी सामान्यरूप मूळ रूपाहून वेगळे होत नाही अशी नामे निवडली तर जोड कमी खटकते. ‘कचरा’ऐवजी ‘कचरापेटी’ घेतले, तर ईकारान्त स्त्रीलिंगी नाम असल्याने ‘कचरापेटीमध्ये’, ‘कचरापेटीतून’, ‘कचरापेटीला’ ही सर्व रूपे मूळ नाम न बदलता होतात. परिभाषा ठरविताना अर्थाबरोबर नामाचा अन्त्य स्वरही पाहावा, ही सूचना वरकरणी क्षुल्लक वाटेल; पण तो एकच शब्द शेकडो संदेशांत फिरत असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सर्व सुरळीत चालले असताना मराठी पडद्यावर असते. संकट आले की ती निघून जाते. हे अलंकारिक विधान नाही. चित्रमय पडदा सुरू होऊ शकला नाही तर लिनक्स साध्या अक्षरपटावर येते. त्या पटावर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती दाखविता येतात आणि जोडाक्षरे जुळविण्याची व्यवस्था तेथे नाही. देवनागरी तेथे उमटत नाही. डेबियनची मराठीतून बसविण्याची सोयही याच कारणाने चित्रमय पद्धतीपुरती मर्यादित आहे. म्हणजे ज्याला इंग्रजी येत नाही म्हणून मराठी निवडली, त्याला सर्वांत कठीण प्रसंगी इंग्रजीच वाचावी लागते.

पडदा शाबूत असला तरी साहाय्य मिळविण्याच्या वाटेवर दुसरा अडथळा उभा असतो. बिघाडाचा संदेश मराठीत आला, तर तो शोधून हाती काही लागत नाही. कारण तोच अनुभव आलेल्या हजारो लोकांनी आपले प्रश्न आणि त्यांची उत्तरे इंग्रजी संदेशाखाली नोंदविलेली असतात. जाणकाराला विचारावे, तर तो म्हणतो: आज्ञा पुन्हा इंग्रजीत चालवा आणि मूळ संदेश सांगा. त्याचे म्हणणे व्यवहारतः रास्त आहे. पण त्याचा परिणाम असा की मराठी निवडणारा मनुष्य मदतीपासून एक पायरी दूर जातो. लवकरच तो संगणकाची भाषा बदलून इंग्रजी करतो. मग मराठी कोणी वापरीत नाही म्हणून तिच्यातील दोष कोणी कळवीत नाही; नव्या आवृत्तीतील नवी वाक्ये अनुवादावाचून राहतात; आणि अनुवाद नसेल तेथे यंत्र इंग्रजी वाक्य दाखविते, म्हणून पडदा अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी होतो. मराठीला मागणी नाही असा निष्कर्ष यातून काढणे म्हणजे परिणामाला कारण समजणे होय.

तंत्रातील अडचणी सुटतात, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. वायफायचे यंत्र चालविणारी आज्ञावली बसविण्याच्या संचात नसे. ती उतरवून घेण्यासाठी वायफाय लागे आणि वायफायसाठी ती आज्ञावली लागे. अनेकांचा लिनक्सचा पहिला अनुभव या चक्रात संपत असे. डेबियनच्या कार्यकर्त्यांनी २०२२ साली मतदान घेऊन धोरण बदलले आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून अशा आज्ञावल्या मूळ संचातच येऊ लागल्या. गाऱ्हाणे सातत्याने ऐकू आले म्हणून निर्णय झाला. मराठी वापरणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकू यावे अशी व्यवस्था मात्र अद्याप नाही.

परिभाषा आणि दुरुस्ती यांचा संबंध काय असतो हे पाहण्यास मिरजेत दूर जावे लागत नाही. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांपासून येथे तंतुवाद्यांची परंपरा सुरू झाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा, घोडी, खुंटी, जवारी हे शब्द सतारमेकर गल्लीत कोणत्याही समितीने ठरविलेले नाहीत. वाद्य घेणारा पुन्हा त्याच कारागिराकडे येतो, स्वर खुलत नाही म्हणतो, कारागीर जवारी पाहतो. आणि विचारणाऱ्याच्या व दुरुस्त करणाऱ्याच्या या संभाषणात शब्द पक्का होतो. लिनक्सची मराठी या संभाषणाशिवाय घडली. ती दाखविण्यासाठी झाली, विचारण्यासाठी झाली नाही.

यावर असा आक्षेप येईल की संगणकापुरती इंग्रजी सर्वांनी शिकावी आणि हा खटाटोप सोडावा. ज्यांना ती शिकता आली त्यांचा प्रश्न सुटलेलाच आहे. ज्यांच्यासाठी मराठीची सोय केली असे आपण म्हणतो, त्यांना हे उत्तर देणे म्हणजे सोय मागे घेणे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो भूतकाळाचा गौरव आहे. वर्तमानात भाषेची प्रतिष्ठा तिच्यात प्रश्न विचारून उत्तर मिळते की नाही यावर ठरते.

तेव्हा तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. बिघाडाच्या प्रत्येक मराठी संदेशासोबत मूळ इंग्रजी संदेश किंवा एक सांकेतिक क्रमांक दाखवावा, म्हणजे मराठी वाचणाऱ्याला इंग्रजी साठ्यातील उत्तरापर्यंत पोहोचता येईल. शब्द निश्चित करण्यापूर्वी तो ‘होत नाही’च्या वाक्यात घालून पाहावा, ज्यातून गाऱ्हाणे निघत नाही तो शब्द बाजूस ठेवावा. आणि तिसरी गोष्ट विद्यापीठीय विभागांनी करावयाची आहे: दुरुस्तीच्या दुकानांत लोक कोणते प्रश्न कोणत्या क्रियापदांनी विचारतात, त्याचा संग्रह करावा. बोलींचे संकलन करण्याची रीत आपल्याला अवगत आहे. ही देखील एक बोलीच आहे, आणि तिचे भाषक अजून आपल्याकडे मराठीतच प्रश्न घेऊन येत आहेत.