घरोघरचे नाव आणि नवी वस्तू

प्रचलित नाममुद्रेखाली नवी वस्तू कल्पिण्याचा प्रकल्प वाणिज्य व व्यवस्थापन विभागांत विद्यार्थ्यांकडून वारंवार करविला जातो. अशा प्रबंधिकांत बाजारपेठ, वेष्टन व किंमत यांचा ऊहापोह विस्ताराने असतो. नावाच्या अर्थाचा विचार मात्र बहुधा राहून जातो. वस्तुतः विस्ताराची मर्यादा तेथेच ठरते.

१९३१ साली शाईच्या धंद्यात उतरलेल्या दांडेकरांचे ‘कॅमल’ हे नाव वस्तूविषयी काहीच सांगत नाही. म्हणूनच ते दौतीतून रंगपेटीत सहज गेले. ‘वज्रदंती’ हे नाव दातांशी जखडलेले; सबब पेंढरकरांनी हळदीच्या क्रीमवर ते न घालता ‘विको’ एवढेच पुढे नेले. १९६८ साली तत्कालीन औरंगाबादेत जन्मलेल्या ‘निर्लेप’ची स्थिती याहून बिकट. न चिकटणाऱ्या कोणत्याही तव्याला घरोघर निर्लेपच म्हटले जाऊ लागले. नावाचे सामान्यनाम झाले की कीर्ती वाढते, परंतु मालकी सैल होते.

निलंग्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न दारातच भेटतो. ‘निलंगा राईस’ हे नाव गावाबाहेरही चालते. तथापि ते कोणा एका उत्पादकाचे नव्हे. त्या नावाने तयार मसाला विकू पाहणाऱ्याने प्रथम हे सांगितले पाहिजे, की ग्राहकाचा विश्वास गावावर आहे, रांधणाऱ्या हातावर आहे, की चवीवर. यांपैकी जे पुडीत उतरत नाही, त्याचे मोल नफ्याच्या कोष्टकात धरणे हा हिशेबाचा नव्हे, विचाराचा दोष होय.