‘कोणापैकी?’ : परमुलखातील निवारा आणि दोन मराठी साहित्यकृती

प्रास्ताविक

पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसाचे चित्रण मराठी साहित्यात विपुल आहे. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी, अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हा कवितासंग्रह अशी नावे सहज आठवतात. या साऱ्या वाटा मुंबईकडे जातात. मराठी समीक्षेनेही स्थलांतराचा विचार प्रामुख्याने खेडे आणि शहर या दोन टोकांच्या संदर्भातच केलेला दिसतो. भाषेची व राज्याची सीमा ओलांडून, हाती कोणतेही काम नसताना निघालेल्या माणसाला परमुलखात प्रथम कोणत्या प्रश्नाला सामोरे जावे लागते, याची चर्चा त्या मानाने उपेक्षित राहिली आहे.

सटाणा परिसरात तरी हा प्रश्न केवळ पुस्तकी ठरत नाही. बागलाण तालुक्याची वायव्य सीमा गुजरातच्या डांग जिल्ह्याला भिडते. ताहाराबाद, पिंपळनेर, नवापूर या वाटेने सुरत गाठता येते आणि दख्खनला सुरतेच्या बंदराशी जोडणारी बागलाणातील ही वाट मध्ययुगापासून वापरातली आहे. खानदेश-बागलाणातील अहिराणी भाषक कुटुंबे सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत मोठ्या संख्येने स्थायिक झालेली आहेत. डाळिंबाच्या बागा तेल्या रोगाने गेल्या, कांद्याचा भाव पडला की घरातील एखादा मुलगा तिकडे निघतो. तेथे काम ठरलेले असतेच असे नाही. ठरलेली असते ती मामाची किंवा मेव्हण्याची खोली. या क्रमातच प्रस्तुत लेखाचा विषय दडलेला आहे. परमुलखात आधी निवारा लागतो, नोकरी त्यानंतर मिळते; आणि निवारा देणारा मनुष्य येणाऱ्याची कौशल्ये विचारीत नाही, तो ‘तुम्ही कोणापैकी?’ असे विचारतो.

कायद्याच्या भाषेत या मधल्या अवस्थेला फारशी जागा नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमाने कंत्राटदारामार्फत भरती झालेल्या कामगारालाच ‘स्थलांतरित’ मानले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही व्याख्या विस्तारून स्वतःहून आलेल्या कामगाराचा समावेश केला. परंतु त्यालाही गंतव्य राज्यात काम मिळालेले असणे आवश्यक धरले. गाडीतून उतरलेला आणि अद्याप कामाला न लागलेला मनुष्य दोन्ही व्याख्यांच्या बाहेर उरतो. त्याची नोंद शोधायची तर साहित्याकडेच वळावे लागते. त्या दृष्टीने नाशिक परिसरात जन्मलेल्या दोन लेखकांच्या कृती एकत्र वाचणे उद्बोधक ठरते : जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आणि विहितगावच्या बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा.

‘स्मृतिचित्रे’ : निघून जाणारा आणि मागे उरणारी

लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथाचा निर्मळ विनोद, त्यातील प्रांजळपणा आणि कटुतेचा अभाव यांवर समीक्षकांनी भरभरून लिहिले आहे. ना. वा. टिळकांचे वारंवार घर सोडून निघून जाणे मात्र बहुधा त्यांच्या कविस्वभावाचा, लहरीपणाचा भाग म्हणून पाहिले गेले. तो तसा होताही. तथापि लहर कोणाला परवडते, हा प्रश्न येथे विचारावा लागतो.

टिळकांनी शिक्षकी केली, पौरोहित्य केले, छापखान्यात खिळे जुळविले. एक काम सुटावे, दुसरे हाती नसावे, आणि तरी त्यांनी चालू लागावे, असा प्रकार पुनःपुन्हा घडतो. १८९१ च्या सुमारास ते नागपुरास होते. तेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम व ‘ऋषि’ या मासिकाचे संपादन त्यांनी केले. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात मोडत असे. म्हणजे नाशिकच्या माणसाला ते प्रशासकीय दृष्ट्या परप्रांतच होते. पुढे १८९३ मध्ये ते राजनांदगाव संस्थानाकडे कामाच्या शोधात निघाले. आजच्या छत्तीसगडमधील हे संस्थान. भाषा निराळी, राज्य निराळे.

या साऱ्या भ्रमंतीत टिळक उपाशी राहिले असतील, पण ‘कोणापैकी?’ या प्रश्नाने त्यांना दारातून परत फिरविले नाही. उलट त्या प्रश्नाचे उत्तर हेच त्यांचे पारपत्र होते. ब्राह्मण, संस्कृतज्ञ, वक्तृत्वसंपन्न मनुष्य कोणत्याही हिंदू संस्थानात, श्रीमंताच्या वाड्यात किंवा देवळाच्या ओवरीत शिरू शकत होता. कीर्तन, पुराण, पौरोहित्य ही कामे त्याच्याबरोबर प्रवास करीत. एकोणिसाव्या शतकातील बेकार ब्राह्मण पंडिताला नोकरी नसे, पण त्याच्या पाठीशी शतकानुशतके उभी असलेली एक निवाराव्यवस्था असे. लक्ष्मीबाई या व्यवस्थेचे नाव घेत नाहीत. त्यांना तिचे विवेचन करावयाचेही नाही. पण त्या घरांची नोंद इतक्या नेमकेपणाने करतात की वाचकाला तिचा आराखडा दिसू लागतो.

यापेक्षाही महत्त्वाची नोंद आहे ती मागे उरणाऱ्या स्त्रीची. टिळक न सांगता निघून जातात तेव्हा लक्ष्मीबाई कधी माहेरी, कधी सासरी, कधी बहीण भिकूताईंकडे राहतात. पतीच्या परमुलखाची किंमत पत्नी परक्या चुलीपाशी राबून चुकवीत असते. त्यांच्या विनोदाची खूप प्रशंसा झाली. तो विनोद आश्रिताच्या जागेवरून उमटलेला आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. आश्रिताला तक्रार करता येत नाही. हसता येते. ‘स्मृतिचित्रे’चा सूर हा केवळ स्वभावातून आलेला नसून जागेतूनही आलेला आहे, असे म्हणण्यास आधार आहे.

राजनांदगावच्या त्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात टिळकांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी भेट झाली व त्याने त्यांना बायबलचा नवा करार दिला, हा प्रसंग सुपरिचित आहे. धर्मांतराच्या इतिहासात त्याचे जे स्थान असेल ते असो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, ही भेट कोणाच्याही घरात घडत नाही. डब्यात यजमान नसतो.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि ती जुनी निवाराव्यवस्था एका दिवसात बंद झाली. मिशनने त्यांना काम दिले, घर दिले. आता नोकरी होती, छप्पर होते. परंतु पत्नीला त्या घरात पाणी पिणे शक्य नव्हते. लक्ष्मीबाई पंढरपुरास भिकूताईंकडे राहिल्या आणि पतीकडे परतल्यानंतरही त्यांचे सोवळे हळूहळूच सुटत गेले. पाणी कोणाच्या हातचे, चूल कोणाची, याविषयीची त्यांची ती दीर्घ तगमग ग्रंथाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. जे पूर्वी आपोआप मिळत होते त्याची वीण या उसवण्यातून प्रथमच स्पष्ट दिसते.

‘जेव्हा मी जात चोरली होती’ : नोकरी आहे, खोली नाही

बाबूराव बागूल (१९३०–२००८) यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. शीर्षककथेमागे स्वानुभव आहे. बागूल यांना सुरत येथे रेल्वेत नोकरी लागली, भाड्याच्या खोलीसाठी जात लपवावी लागली, ती कोंडी असह्य होऊन ते नोकरी सोडून परतले. दलित कथेचा प्रारंभबिंदू म्हणून या कथेचे मोल सर्वमान्य आहे. मात्र ती परमुलखाची कथा आहे, गुजरातेत घडणारी आहे, याचा उल्लेख बहुधा तपशील म्हणून येतो आणि पुढे सरकतो. वास्तविक कथेची सारी रचना त्या तपशिलावर उभी आहे. आपल्या गावात जात चोरता येत नाही. गाव ती जाणतो. चोरी शक्य होते ती जेथे कोणी ओळखत नाही तेथेच. (सुरत १९६० पर्यंत मुंबई राज्यातच होती. म्हणजे या अनुभवातील ‘परराज्य’ नकाशावर उमटण्यापूर्वीच माणसांच्या मनात उमटलेले होते.)

टिळकांच्या नेमकी उलट स्थिती येथे आहे. कथानायकाच्या हाती सरकारी नोकरी आहे. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. कलम १९ ने देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. अडते ते खोलीपाशी. रणछोड जात विचारतो आणि नायक उत्तरादाखल एक दीर्घ, आवेशपूर्ण भाषण करतो. त्याचा आशय एवढाच की, आपण मुंबईकर आहोत. या भाषणावर अतिरंजिततेचा आक्षेप घेता येतो, आणि तो अगदीच अनाठायी नाही. बागूलांची शब्दकळा अनेकदा प्रसंगाला झाकून टाकते. परंतु येथे ती अतिशयोक्ती कामाची आहे. जातीच्या रिकाम्या रकान्यात नायक शहराचे नाव भरीत आहे. मुंबई, कामगार, लढा, नवा भारत हे सारे मिळून त्याला एक पर्यायी कुळ हवे आहे. रणछोड दिपून जातो. म्हणजे काही काळ हे कुळ चालतेही.

रामचरण तिवारी हे पात्र या वाचनात विशेष अर्थपूर्ण ठरते. तोही परमुलखातलाच, उत्तरेकडून आलेला. पण त्याचे आडनाव त्याच्याआधी गुजरातेत पोहोचलेले आहे. टिळकांना जी वाट खुली होती तीच साठसत्तर वर्षांनंतर, रेल्वेच्या युगात, तिवारीला खुली आहे. तो नायकाला घरी जेवायला बोलावतो, कवितेवर प्रेम करतो. या आपुलकीत खोट नाही. आणि म्हणूनच ती उलटते तेव्हा अधिक भयंकर वाटते. जात उघडकीला येताच नायकाला मारणाऱ्यांत अनोळखी गुंड नाहीत, कालपर्यंतचे यजमान आहेत.

काशीनाथ सकपाळ हा दुसरा दलित कामगार जात चोरीत नाही. तो चाकू बाळगतो. या पात्राला बागूलांनी आणखी विस्तार द्यावयास हवा होता, असे राहून राहून वाटते. तो जात सांगून राहतो कोठे, जेवतो कोठे, रात्री पाठ कोठे टेकतो, हे कथा सांगत नाही. नायकाच्या लपण्याचे सर्व बारकावे तिच्यात आहेत, काशीनाथच्या उघडपणाची केवळ धग आहे. शेवटी तोच नायकाची सुटका करतो आणि मार मुकाट का खाल्लास म्हणून विचारतो. नायक त्या माणसांना दोष देत नाही. मारणारा हात मनूचा होता, असे तो म्हणतो. या समारोपाला तत्त्वचिंतनाची उंची आहे, हे खरेच. तरीही त्यामुळे रणछोड आणि रामचरण जरा स्वस्तात सुटतात, असा संशय उरतो. मनू खोली भाड्याने देत नाही.

सुरतेची वाट

या दोन कृती शेजारी ठेवल्या म्हणजे स्थलांतराच्या नेहमीच्या आकलनात एक फेरफार करावा लागतो. बेकार टिळक परमुलखात टिकतात, नोकरदार कथानायक टिकत नाही. अर्थात टिळकांची भ्रमंती धाडसी नव्हती असे यातून सुचवावयाचे नाही. ज्या दिवशी त्यांनी ते पारपत्र टाकून दिले त्या दिवसाचे धैर्य या पार्श्वभूमीवर अधिकच उठून दिसते. लक्ष्मीबाईंचे तर त्याहून अधिक, कारण त्यांनी ते प्रत्येक घोटासोबत, दररोज टाकले.

आज सुरतेस जाणारा बागलाणचा तरुण मामाच्या खोलीवर उतरतो तेव्हा याच व्यवस्थेची एक गरीब आवृत्ती वापरीत असतो. ‘पाव्हणा’ म्हणून त्याची ओळख करून दिली जाते, त्याच ओळखीवर काम मिळते. ज्याचा मामा तेथे नाही, किंवा ज्याच्या मामाची वस्तीच निराळी आहे, त्याने कोठे उतरावे? मुंबईच्या चाळीला तिचे कथाकार, कवी, नाटककार लाभले. अहिराणीत बोलणाऱ्या उधन्याच्या गल्लीला मराठी साहित्यात तसे स्थान अद्याप लाभलेले नाही. बागूलांची कथा त्या दिशेने १९६३ मध्ये गेली होती. नायकाने चोरलेल्या जातीची चर्चा पुढे खूप झाली. त्याने सोडलेल्या खोलीत नंतर कोण राहावयास आले, ते मराठी कथेने विचारले नाही.