ल्यूइस आम्लतेचे मापन : एक भाषिक आक्षेप

‘फेरिक आयनाची आम्लता’ या शब्दप्रयोगातील षष्ठी विभक्ती दिसते तितकी निरुपद्रवी नाही. ‘लोखंडाची घनता’ म्हणताना जो संबंध व्यक्त होतो तोच येथेही आहे, असा ग्रह ती करून देते. निरनिराळ्या विद्रावकांतील मापे एकाच कोष्टकात ओळीने मांडली जातात, त्याचे मूळ पुष्कळ अंशी या ग्रहात आहे.

ल्यूइस यांनी १९२३ मध्ये आम्ल म्हणजे इलेक्ट्रॉन-युग्म स्वीकारणारा पदार्थ अशी व्याख्या केली. स्वीकारणे ही सकर्मक क्रिया होय. दात्यावाचून ती पुरी होत नाही. त्यातच द्रावणातील धन आयन कधी उघडा नसतो. विद्रावकाचे रेणू त्याच्या भोवती आधीच बसलेले असतात, आणि परीक्षक रेणूला त्यांपैकी एखाद्याला उठवूनच जागा मिळते. मोजले जाते ते या अदलाबदलीचे फल. पाण्यात तर फेरिकचे २.२ आणि ॲल्युमिनियमचे ५.० ही सुपरिचित मूल्ये बद्ध पाण्याने प्रोटॉन सोडण्याची, म्हणजे ब्रॉन्स्टेड आम्लतेची आहेत.

व्हिक्टर गुटमान यांनी १९६६ मध्ये विद्रावकांना दाता-अंक दिले : ॲसिटोनायट्राइल १४.१, पाणी १८.०, डायमिथिल सल्फॉक्साइड २९.८. मोठ्या अंकाच्या विद्रावकात दुर्बल आम्ल परीक्षकाकडे वळतच नाही, एवढे त्यावरून नीट समजते. परंतु ही सारी मोजपट्टी अँटिमनी पेंटाक्लोराइड या एकाच साक्षीदाराच्या जबानीवर उभी आहे. ताम्राच्या एकसंयुजी आयनाला विचारावे, तर तो निराळेच सांगतो. पाण्यात त्याचे धातू व द्विसंयुजी आयन असे विभाजन होते. ॲसिटोनायट्राइलमध्ये, दाता-अंक कमी असूनही, तो सुखाने टिकतो. पिअर्सन यांनी १९६३ मध्ये मांडलेला कठीण-मृदू भेद येथे आडवा येतो. १९७५ च्या ग्राही-अंकासाठी वापरलेला ट्रायएथिल फॉस्फीन ऑक्साइडही ऑक्सिजनद्वारेच बांधला जाणारा, म्हणून कठीण दाता. त्याच्या फॉस्फरसच्या अनुस्पंदनातील सरकेवरून मृदू आयनाला ‘दुर्बल आम्ल’ ठरविणे हा न्याय नव्हे.

आमची मागणी माफक आहे. अशा कोष्टकाच्या शीर्षकात विद्रावक व परीक्षक या दोघांचीही नावे यावीत. आणि जेथे विद्रावकाची दातृशक्ती क्षीण आहे तेथे प्रतिआयनाचेही, कारण अशा ठिकाणी ट्रायफ्लेटसारखा एरवी तटस्थ मानला जाणारा ऋण आयनसुद्धा धातूला जाऊन बिलगतो.