गोडसे भटजींच्या वाटेवरचं धार

मागच्या बैठकीत 'माझा प्रवास' वाचायला घ्यावं असं मी सुचवलं, तेव्हा एक जुने सभासद म्हणाले, "अहो, ते झाशीचं पुस्तक. धार-देवासचा त्यात काय संबंध?" त्यांचं चुकलं असं नाही. आपण सगळेच हे पुस्तक झाशीसाठी वाचतो. वेढा आणि काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी झालेली राणीची भेट तेवढी लक्षात राहते, मधला माळवा आपण रेल्वेच्या खिडकीतून पाहावा तसा सोडून देतो. माझं म्हणणं असं, की पुस्तक समजून घ्यायचं तर धारपाशी थांबायला हवं.

वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये काका रामभटांबरोबर घराबाहेर पडले ते देशभ्रमणाच्या हौसेने नव्हे. घरात कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं कानावर आलं होतं. वाटेत मिळेल त्याची सोबत धरायची, धर्मशाळेत नाहीतर ओळखीच्या मराठी घरी उतरायचं, आणि पुढची सोबत मिळाली की निघायचं. आजच्या भाषेत लिफ्ट मागत केलेला प्रवासच हा. महूच्या आसपास शिपायांनी बजावलं, पुढे गडबड होणार आहे, परत फिरा. हे दोघे फिरले नाहीत. रिकाम्या हाताने घरी कसं जायचं?

माळव्यात असताना त्यांना कळलं की धारचे राजे वारले. यशवंतराव पवार मे 1857 मध्ये गेले. उत्तरकार्याला मोठा दानधर्म होणार म्हणून भटजी धारला पोचले. आजच्या वाचकाला इथे जरा अवघडल्यासारखं होतं. एका घरात मृत्यू, आणि दुसरा माणूस त्यात आपला हिशोब पाहतो. पण गोडसे काहीच लपवत नाहीत, आणि मला त्यांचा हाच गुण मोठा वाटतो. रिवाज बाहेरून पाहणारे पुष्कळ. ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये देवास थोरल्या पातीच्या तुकोजीरावांकडे खाजगी चिटणीस होते. तिथल्या गोकुळअष्टमीवर त्यांनी भरभरून लिहिलं, ते 1953 च्या 'द हिल ऑफ देवी'त आहे. त्यांना उत्सव नवलाचा वाटला, कारण त्यावर त्यांचं पोट नव्हतं. गोडश्यांचं होतं. म्हणून दान घेणाऱ्याच्या बाजूने रिवाज कसा दिसतो ते त्यांच्याकडे कळतं.

त्यांची मर्यादाही इथेच आहे. दानाचा पैसा कुठून आला, कोणत्या शेतकऱ्याच्या सारावसुलीतून आला, हा प्रश्न त्यांना पडत नाही. धारला पुढे काय झालं तेही या पुस्तकावरून समजायचं नाही. ऑक्टोबर 1857 मध्ये इंग्रजांनी किल्ल्याला वेढा घातला, संस्थान जप्त झालं, आणि 1860 मध्ये अल्पवयीन आनंदरावांना परत मिळालं. भटजी तोवर पुढे गेले होते. शिवाय लिहिलं ते सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीतून. पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच ओघात येतं. तारखांसाठी हे पुस्तक पुरावा म्हणून वापरू नये, रीतिरिवाज आणि माणसांच्या बोलण्यासाठी जरूर वापरावं.

प्रतीचीही काळजी घ्यावी. चिंतामणराव वैद्यांनी लेखकामागे, 1907 मध्ये पुस्तक छापलं, पण त्यात काटछाट आणि फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती 1966 ची. घरात जुनी प्रत असेल तर आधी ती कोणती हे पाहा, मग वाद घाला.

आता घरचं सांगतो. आमचे पणजोबा 'दरबारात होते' असं आम्ही लहानपणापासून ऐकलं. मोठेपणी कळलं, ते भिक्षुक होते, श्रावणात दक्षिणेला जात. घरात हे कोणी बोलत नसे. त्यांच्या मोडीतल्या वह्या होत्या, कुणाकडे काय मिळालं याच्या. घर बदलताना वडिलांनी त्या रद्दीत दिल्या. तेव्हा मीही काही म्हटलं नाही. लाजच वाटत होती. गोडसे वाचताना ती लाज नव्हे, त्या वह्या गेल्याचं दुःख झालं. वरसईच्या भटजीने आपली मिळकत उघड सांगितली, म्हणून धारच्या त्या दिवसांचं काही तरी आपल्याला कळतं. आमच्या पणजोबांचे दिवस कळायचा मार्ग राहिला नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला 1966 ची आवृत्ती आणतोच. ज्यांच्या माळ्यावर अजून एखादं मोडी बाड आहे, त्यांनी तेही आणावं. त्यात नुसते तांदूळ-डाळीचे आकडे असले तरी चालेल.